कॅमेऱ्यावरचा टॉवेल

चित्र पुन्हा गेलं, आणि सुनेनं टॅबवरची नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. टॅबकडे नाही, भिंतीवरच्या वायरच्या डबीकडे नाही. माझ्याकडे.

"अहो आई, आता काय झालं तिला?"

"तिला काय होणार? चित्र गेलंय फक्त. येईल एवढ्यात."

"तेच विचारतेय. चित्र जातं तेव्हा तिकडे काय चाललेलं असतं?"

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मासिक हळूच खाली घेतलं. सासू-सुनेचं बोलणं सुरू झालं की आजूबाजूच्या पेशंटांची दुखणी तेवढ्यापुरती थांबतात, हा माझा दवाखान्यातला जुना अनुभव आहे.

पडद्यावर एक गोल स्वतःभोवती फिरत होता. तो फिरला, फिरला, आणि चित्र आलं. काचेची पेटी, पांढरी चादर, आणि चादरीवर माझी नात. डोक्यावर विणलेली टोपी, नाकाशी दोन बारीक नळ्या, छातीवर चिकटवलेल्या वायरी. दिवस पुरे व्हायच्या फार आधीच आलेली, ओंजळीत मावेल एवढी. आम्ही तिला पिटुकली म्हणायचो, कारण नाव ठेवायला तिची आई तयार नव्हती. "आधी हातात घेईन, चेहरा नीट बघेन, मग ठेवीन. न बघता नाव ठेवायला ती काय गल्ली आहे?"

बघायचं तर होतं, पण जाता येत नव्हतं. ऑपरेशननंतर सुनेला ताप भरला होता, आणि ताप असलेल्या माणसाला लहान बाळांच्या खोलीत पाऊल टाकू देत नाहीत. ती खोली अंगणापलीकडच्या नव्या इमारतीत. आम्ही सगळे तिला काचखोली म्हणतो. तिथं प्रत्येक पेटीवर एक कॅमेरा आहे आणि जिला येता येत नाही त्या आईला खाटेवर टॅब देतात. सुनेचं सगळं आईपण सध्या त्या टॅबमध्ये होतं.

आणि ते चित्र अंगण ओलांडून तिच्यापर्यंत आणणं हे माझं काम होतं.

"टोपीची घडी मघाशी डाव्या बाजूला होती," सून म्हणाली. "आता उजव्या बाजूला आहे."

"बाळ हललं असेल."

"एवढीशी टोपी फिरवण्याइतकं हललं, आणि नेमकं चित्र गेलं तेव्हाच? तुम्ही सगळे मिळून काहीतरी लपवताय."

मी खरोखरच काही लपवत नव्हते. पण 'लपवत नाही' हे सांगायला लागलं की माणसाचा चेहरा आपोआप चोरासारखा होतो. माझाही झाला असणार, कारण तिनं मान भिंतीकडे वळवली.

मी या दवाखान्यात टेलिफोन बोर्डावर लागले होते. "हॅलो, कुठला वॉर्ड हवाय?" एवढंच काम. पुढे बोर्ड गेला, कॉम्प्युटर आले, आणि वायरी ओढायला येणाऱ्या माणसांच्या मागे मागे फिरून मी ते काम उचललं. त्यांना चहा दिला, शिडी धरली, आणि शिडी धरल्या धरल्या वर बघत राहिले. शिकवलं कोणी नाही. पुढे जिन्याखालच्या, गच्चीवरच्या, औषधांच्या कपाटामागच्या प्रत्येक खोक्यात कुठली वायर कुठून आली हे मलाच ठाऊक असायचं. ही खोकी म्हणजे स्विच. आलेला निरोप कुठल्या वाटेनं पुढे धाडायचा ते प्रत्येक खोकं आपापल्या डोक्यानं ठरवायचं, आणि त्याच्या डोक्यात ते भरायला मला त्याच्यापुढे जाऊन बसावं लागायचं. लोक मला वायरमावशी म्हणायचे. मला आवडायचं.

मग आला ढगोबा.

त्याचं खरं नाव पगारपत्रकात असेल. आम्ही त्याला ढगोबा म्हणायचो, कारण काहीही विचारलं की तो वर बोट करून म्हणायचा, "ते सगळं आता ढगात आहे, मावशी." शांत, नम्र मुलगा. पायातल्या बुटांचा आवाज होत नसे, आणि मला त्याचाच पहिला संशय आला होता. त्यानं आमच्या सगळ्या खोक्यांची डोकी काढून घेतली. म्हणजे खोकी जागेवरच, दिवेही लुकलुकत, पण ठरवायचं काम आता एकाच ठिकाणी. कंट्रोलर नावाचा एक प्रोग्रॅम सगळ्या दवाखान्याचा नकाशा डोक्यात धरून बसतो आणि हुकूम सोडतो: हे इकडून जाऊ दे, ते तिकडे अडव. खोक्यांनी फक्त ऐकायचं. याला सॉफ्टवेअर डिफाइंड नेटवर्किंग म्हणतात, असं त्यानं सांगितलं. मी म्हटलं, "आमच्या घरी हे पूर्वीपासून आहे. माझ्या सासूबाई एका खुर्चीत बसून पाच माणसांनी कुठून कुठे जायचं ते ठरवायच्या." तो हसला नाही. लिहून घेतलं की काय कोण जाणे.

खोटं कशाला बोलू, फायदा दिसत होता. नवा वॉर्ड सुरू करायचा तर पूर्वी आठवडाभर माझे गुडघे फरशीवर. आता एका दुपारी खुर्चीत बसून झालं. एकदा प्लंबरनं पाइप कापता कापता अंगणातली मुख्य केबलच कापली, तेव्हा कंट्रोलरनं सगळी वाहतूक गच्चीवरून वळवली आणि कोणाला पत्ताही लागला नाही. प्लंबरलासुद्धा नाही. तो मला दुपारी जेवताना सांगत होता, "तुमची एक फालतू वायर मध्ये येत होती, काढून टाकली."

पण पूर्वी काही बिघडलं की ते एका ठिकाणी बिघडायचं आणि तिथला दिवा लाल व्हायचा. दिव्यावर माझा विश्वास होता. आता चित्र जात होतं, आणि दिवे सगळे हिरवे.

त्या दिवशी मी सगळी खोकी फिरून आले. जिन्याखाली हिरवा, गच्चीवर हिरवा, काचखोलीबाहेर हिरवा. माझ्या खोलीतल्या पडद्यावर नकाशा उघडला, तर तो लग्नाच्या फोटोसारखा, सगळे हसतमुख. ढगोबाला फोन लावला. तो आता दुसऱ्या गावच्या दवाखान्यात होता आणि तिथूनच आमचाही कारभार बघायचा.

"मावशी, मी बघतोय ना. सगळं हिरवं आहे."

"बघतोयस म्हणजे? तू तर तिकडे आहेस."

"इथूनही दिसतं."

"काय काय दिसतं तुला इथलं?"

तो म्हणाला, "सगळंच."

त्या 'सगळंच'वर मी फोन ठेवून दिला. म्हणजे मी इथं कशाला? आणि ज्याला तिथून सगळं दिसतं, त्याला तिथून सगळं बंदही करता येत असणार. मग मनात एकेक येत गेलं. मुद्दाम तर करत नसेल? वायरमावशीला काही जमत नाही हे वरच्यांना दाखवायला? मी जेवायला गेले की चित्र जातं की काय? नाही, परवा मी खोलीतच होते. मग कोणी आतलं? माझ्या मुलाला, पिटुकलीच्या बापाला, मी सकाळी डॉक्टरांशी खांबाआड बोलताना पाहिलं होतं. मला बघून तो नाक खाजवायला लागला. लहानपणापासून खोटं बोलायचं असलं की त्याचं नाक खाजतं.

"काय म्हणाले डॉक्टर?" मी विचारलं.

"काही नाही. ठीक आहे म्हणाले." नाक खाजवत.

म्हणजे सून म्हणते ते खरं असेल? सगळे मिळून लपवतायत, आणि त्या सगळ्यांत मी नाही?

दुपारी वॉर्डात गेले तर सुनेनं नवंच काढलं.

"हे चित्र आत्ताचं आहे कशावरून?"

"म्हणजे?"

"कालचं लावून ठेवलं असेल. बाळं काय, सारखीच झोपतात. तुम्हीच म्हणालात ना, आता कुठलंही चित्र कुठूनही कुठेही वळवता येतं?"

हे मी मोठ्या अभिमानानं तिला सांगितलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

"मग तुझी खात्री कशी पटवू?"

तिनं विचार करूनच ठेवला होता. "मोठ्या सिस्टरना फोन करा. म्हणावं, कॅमेऱ्यासमोर उभं राहून डावा कान धरा."

मोठी सिस्टर म्हणजे काचखोलीची मुख्य. उंचीनं माझ्या खांद्याइतकी, पण डॉक्टरसुद्धा तिला विचारून आत जातात. मी फोन केला. पलीकडून आवाज आला, "कान? मी काय गुन्हा केलाय?"

"धर गं बाई. पुण्य लागेल."

चित्रात एक निळा झगा आला, वाकला, आणि सिस्टरनं डावा कान धरून कॅमेऱ्याकडे असं पाहिलं की कॅमेऱ्यानंच शरमेनं मान खाली घालावी. सून पहिल्यांदा हसली. मग लगेच म्हणाली, "उद्या पुन्हा."

ते रोजचंच झालं. दिवसातून कधीही फोन जायचा, सिस्टर कान धरायची. पुढे पुढे ती फोन उचलल्यावर 'हॅलो' न म्हणता 'धरला' म्हणायची. पण चित्र जायचं ते जातच राहिलं. आणि प्रत्येक वेळी सून मला तोच प्रश्न विचारायची, आता आवाज न चढवता. ते जास्त वाईट.

शेवटी मी ठरवलं, वायरी खूप बघितल्या, आता माणसं बघायची. मी काचखोलीच्या काचेबाहेर स्टूल टाकून बसले आणि फोन कानाला लावून सुनेला सांगितलं, "चित्र गेलं की सांग. आलं की सांग. बाकी काही बोलू नकोस."

"बाकी तुमच्याशी बोलण्यासारखं आहेच काय," ती म्हणाली, पण फोन ठेवला नाही.

आत मोठी सिस्टर पिटुकलीच्या पेटीपाशी आली. हात धुतलेले, ट्रेमध्ये बारीक सुई. तिनं पेटीवरचा तपासणीचा दिवा लावला.

"गेलं," सून म्हणाली.

सिस्टरनं टाचेतून थेंबभर रक्त घेतलं. पिटुकलीचं तोंड उघडलं, आवाज काचेपलीकडे आला नाही. सिस्टरनं बोटानं तिच्या कपाळावर हळूहळू थोपटलं. मग दिवा बंद केला.

"आलं."

मी स्टूल काचेच्या आणखी जवळ ओढलं. सिस्टर दुसऱ्या एका पेटीशी गेली, तिथला दिवा लावला. "आता?" मी फोनवर विचारलं.

"आता आहे. का?"

पुन्हा पिटुकलीपाशी येऊन तिनं नळी सरळ करायला दिवा लावला.

"गेलं. अहो आई, काय चाललंय तिकडे?"

सिस्टर बाहेर आल्यावर मी तिला दंडाला धरलं. "पूर्वी तू सुई टोचताना कॅमेऱ्यावर टॉवेल टाकायचीस."

"टाकायचे की. पिवळा. आयांना बघवत नाही. त्यांनाही माहीत असायचं, टॉवेल आला म्हणजे सिस्टर काहीतरी करतेय."

"मग आता का नाही टाकत?"

"तुमचा ढगोबा म्हणाला, आता टॉवेलची गरज नाही, मी सोय केलीय. मला वाटलं, चित्र आपोआप धूसर होत असेल. का? होत नाही?"

मी माझ्या खोलीत येऊन त्याला फोन लावला. बोलायचं बरंच ठरवलं होतं. पण त्यानं आधीच आनंदानं सांगायला सुरुवात केली. "हां, तो नियम! लक्षात आला का तुमच्या? मी एक दिवस तिथं उभा होतो, मावशी. सिस्टरचे हात धुतलेले, आणि त्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकायला हात वर करणार, मग पुन्हा धुणार. म्हटलं, दिवासुद्धा आपल्याच नेटवर्कवर आहे. दिवा लागला की त्या पेटीचं चित्र पुढे जाऊ द्यायचं नाही, एवढा हुकूम कंट्रोलरला दिला. एका ओळीत काम. सिस्टरचे हात स्वच्छ, आईला सुई दिसत नाही."

"आणि आईला काय दिसतं?"

"काहीच नाही."

"काहीच नाही नाही रे बाबा. गोल फिरताना दिसतो. टॉवेल दिसला की तिला कळायचं, तिकडे कोणीतरी आहे, काहीतरी करतंय. गोल फिरायला लागला की तिला वाटतं, बाळ गेलं आणि हे लोक लपवतायत."

 मग तो हळू म्हणाला, "हे डोक्यात नाही आलं."

"मला तरी सांगायचंस."

"नियम पडद्यावर आहे की, मावशी. दिसतो. तुम्ही फक्त नकाशा उघडता, नियमांचं पान उघडत नाही." आणि मग, उद्धटपणे नाही, खरंच विचारल्यासारखं, "तुमचं जुनं नेटवर्क तरी कोणाला दिसत होतं? कपाटामागच्या वायरी फक्त तुम्हालाच माहीत. मी आलो तेव्हा सगळे मला हेच म्हणाले, मावशी रजेवर गेल्या की आम्ही देवावर सोडतो."

  त्याला मी मनात चोर ठरवून बसले होते, आणि तो बिचारा सिस्टरच्या हातांचा विचार करत होता. राग मात्र गेला नाही. एका माणसानं एका दुपारी चांगल्या मनानं एक ओळ लिहिली, आणि काचखोलीच्या सगळ्या पेट्यांना ती एकदमच लागू झाली. टॉवेल निदान एका वेळी एकाच कॅमेऱ्यावर पडायचा.

त्यानं फोनवरच मला ते पान उघडायला लावलं. नियम काढला. मग म्हणाला, "हे अधिकार मी तुमच्या नावावर देतो. इथं टिचकी मारली की कुठल्याही पेटीचं चित्र थांबतं, पुन्हा मारली की सुरू. तुमच्या हातात राहू दे."

सिस्टरचा पिवळा टॉवेल कपाटातून बाहेर आला. मी सुनेपुढे बसून सगळं सांगितलं: दिवा, नियम, टॉवेल. काही गाळलं नाही. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे आता ते बटण तुमच्याकडे आहे."

"हो."

"कुठंही बसून बंद करू शकता."

"करू शकते. करणार नाही."

"तुमचा ढगोबाही असंच म्हणाला असेल," ती म्हणाली आणि टॅब छातीशी ओढून घेतला.

घ्या. इतके दिवस ती यंत्रावर संशय घेत होती, त्यात मी थोडी. आता यंत्र सुटलं, अख्खी मीच राहिले. तरी टॉवेलचा उपयोग होत होता. पडदा पिवळा झाला की ती ओठ आवळून बसायची, पिवळा गेला की श्वास सोडायची. कान धरणं मात्र चालूच होतं.

आणि मग ती सकाळ आली.

मी खोलीत होते. मुलगा धावत आला, दारात थांबला, दार लावून घेतलं. नाक खाजवत नव्हता.

"आई, ती दमलीय. पिटुकली. श्वास घेताना दमतेय. नाकातल्या नळ्या पुरत नाहीत म्हणाले. घशात नळी घालणार, मशीनवर ठेवणार. तयारी चाललीय."

 "डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणाले, तिला विश्रांती मिळेल. लहान बाळांना लागतं असं. पण वेळ लागेल. अशी पाळी येऊ शकते हे मला त्या दिवशी खांबाआडच सांगितलं होतं." तो माझ्या पडद्याकडे बघत होता. "आई, तू चित्र बंद कर."

"सिस्टर टॉवेल टाकेल की."

"टॉवेलच नको! टॉवेल इतका वेळ राहिला तर ती ओळखेल. तिला आता सगळं कळतं त्यातलं. तू बंद कर. बिघाड झालाय म्हण. वायर तुटली म्हण. तुझ्यावर कोण शंका घेणार?"

"तुझी बायको."

"आई, ती तापात आहे. काल जरा उतरलाय. तिला आज हे कळलं तर..."  तो एवढा मोठा माणूस माझ्या टेबलावरची पेन्सिल घेऊन तिचं टोक तपासत बसला. "थोडा वेळ. सगळं नीट झालं की चालू कर. कोणाला काही कळायचं नाही."

तेच तर होतं. कोणाला काही कळलं नसतं. पूर्वी कोणाचं चित्र तोडायचं तर मला शिडी घेऊन जावं लागलं असतं, चार लोकांनी विचारलं असतं, "मावशी, काय करताय?" आता बोट नुसतं खाली टेकवायचं. पान उघडंच होतं. पिटुकलीच्या पेटीचा नंबर, पुढे एक चौकोन.

आणि मोहही वाईट नव्हता. प्रेमाचाच होता. ढगोबाचाही तसाच होता.

मी बोट टेकवलं असतं, वॉर्डात गेले असते, सुनेनं विचारलं असतं, "अहो आई, काय झालं तिला?" आणि मी म्हणाले असते, "तिला काय होणार? चित्र गेलंय फक्त. येईल एवढ्यात." शब्द न् शब्द तेच, जे मी मनापासून खरं समजून तिला किती वेळा सांगितले होते. त्यातला खरा कुठला आणि खोटा कुठला हे तिला ओळखायला काय साधन उरलं असतं? एकदा हे केलं, की तिचा मागचा सगळा संशय खरा ठरत होता.

मी सिस्टरला फोन लावला. तिनं घाईत उचलला. "धरायला वेळ नाही आत्ता."

"माहितीये. टॉवेल टाक."

"वेळ लागणार आहे, मावशी. तुमचा मुलगा म्हणत होता..."

"तो इथंच आहे. तू टाक."

मुलगा उभा राहिला. "तू तिला मारशील, आई."

"चल माझ्याबरोबर."

"मी नाही येत. मला बघूनच तिला कळेल."

"म्हणूनच चल."

आम्ही वॉर्डात पोचलो तेव्हा टॅबचा पडदा पिवळा झालेला होता. सून उशांना टेकून ताठ बसलेली. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे दारात अडकून राहिलेल्या नवऱ्याकडे.

"सुई नाहीये ही," ती म्हणाली.

"नाही." मी खाटेच्या कडेवर बसले. "तिला श्वास घेताना दम लागत होता. घशात नळी घालतायत. मशीन तिच्यासाठी श्वास घेईल, ती विश्रांती घेईल. डॉक्टर म्हणाले, लहान बाळांना लागतं असं. पुढे काय, ते त्यांनाही आत्ता सांगता येत नाही. मला माहीत आहे ते एवढंच."

तिनं माझा चेहरा वाचला. शेजारच्या बाईनं मासिक कधीच बाजूला ठेवलं होतं.

"तुम्हाला बंद करता आलं असतं."

"आलं असतं."

"यानं सांगितलंही असेल."

मुलगा नाकाकडे हात नेता नेता थांबला.

"मग का नाही केलं?"

"तुझ्यासमोर यायचं होतं ना मला," मी म्हटलं. "रोज."

 टॅब तिनं थोडा सरकवला, म्हणजे मलाही दिसावा इतका. मुलगा येऊन खाटेच्या पलीकडे बसला. आम्ही तिघं त्या टॉवेलकडे बघत राहिलो. इतक्या जवळून टॉवेल असा कोणी बघत नाही. पिवळं विणकाम, मधून गेलेली एक निळी पट्टी, पट्टीच्या कडेला सुटलेला एक धागा. मागून प्रकाश आला की पिवळा उजळ व्हायचा, मधूनच सावली सरकायची. एकदा दोन सावल्या एकदम थांबल्या तेव्हा सुनेची बोटं माझ्या मनगटात रुतली. सावल्या हलल्या, बोटं सैल झाली, पण मनगट सोडलं नाही.

"माणसं आहेत तिच्याजवळ," ती स्वतःशीच म्हणाली.

"आहेत."

"तुमच्या वायरी तुटल्या तर?"

"गच्चीवरून येईल."

"बरं."

मग टॉवेलला सुरकुती पडली, तो खालून वर उचलला गेला, आणि पडदाभर मोठ्या सिस्टरचा मास्क आणि दोन दमलेले डोळे आले. ती मागे झाली. पेटी दिसली. पिटुकलीच्या तोंडाशी नळी, गालावर पट्ट्या, टोपी कोणीतरी काढलेली. आणि छाती. वर, खाली. वर, खाली. एका लयीत, अजिबात घाई न करता.

कोणी फोन केला नव्हता. तरी सिस्टर पेटीशेजारी उभी राहिली आणि हात वर नेऊन तिनं कान धरला. उजवा. क्षणभर तशीच उभी राहिली. मग काहीतरी चुकल्यासारखी दचकली, घाईनं हात बदलला आणि डावा धरला.

मुलानं तोंड उशीत घातलं. त्याचे खांदे हलत होते. सून मात्र पडद्यावर अगदी वाकून बघत होती, छातीकडे, मग कानाकडे, मग पुन्हा छातीकडे.

"आत्ताचंच आहे," ती म्हणाली. "जुनं लावलं असतं तर पहिल्या फटक्यात बरोबर कान धरला असता."